कुसळ

नागीण डाव्या कपाळावर उठली तेव्हा
सासूबाई म्हणाल्या, वेढा पुरा होऊ देऊ नका.
नाही झाला पुरा.
ती डोळ्यापाशीच थांबली,
तिथलं होतं नव्हतं ते पिऊन निघून गेली.

मग सगळं बरं झालं.
एवढं बरं, की काही दुखेनाच.
कुंकू लावताना बोट अर्ध्यावर हरवायचं.
लालबागला आमचा मसाल्याचा डंका;
चैत्रात पहाटे पाचपासून लवंगी, बेडगी, संकेश्वरी,
गिऱ्हाईक दोन्ही डोळ्यांनी रडत पायरी उतरायचं,
मी एकाच.
डंक्यावरच्या पोरांना गंमत वाटे.
मलाही वाटायची, खरं सांगायचं तर.
पैसे मोजता मोजता सांगायची मी,
हा डोळा आता मुरलाय.

मुरला नव्हता.
एके दिवशी आरशात बुबुळावर
ताकाच्या थेंबासारखं काहीतरी.
पुसलं. जाईना.
जखम होती म्हणे, महिन्याची.
घर उघडं, आणि कुत्रं भुंकलंच नाही.

पापणीला दोन टाके घालून डोळा अर्धा मिटवला.
डंक्याची पायरी चढायला बंदी.
मुसळांचा आवाज मी माडीवरून ऐकायची,
नवऱ्याचं खोकणं त्यातून वेगळं काढायची.

परळच्या दवाखान्यात डॉक्टर तेहमीनांनी
केसपेपरच्या पाठीवर माझं तोंड काढलं
(काही बरं नव्हतं आलं).
उजव्या भुवईवरची नस चालू आहे, म्हणाल्या,
तिथून नाकाच्या दांड्यावरून, कातडीखालून
इकडे लाइन आणायची,
बुबुळाच्या कडेने बारीक धागे सोडायचे.
मी म्हटलं, म्हणजे आकडा टाकायचा.
त्या इतक्या हसल्या की नर्स आत डोकावली.
"आकडाच, मंदाकिनीबाई. पण मीटर तुमचंच."
आणि वायर?
"वायर पोटरीतून काढू."

काढली. तेव्हापासून पायाची बाहेरची कड माझी नाही.
करी रोडच्या पुलावर एकदा
चप्पल मागे राहिली आणि मी पुढे;
एका बाईने हाक मारली म्हणून कळलं.
चालायचंच. इकडचं उचललं
तर तिकडे कमी पडणार.

नस दिवसाला मिलिमीटरभर वाढते,
तेही तिच्या मनात असेल तर.
दर महिन्याला डॉक्टर कापसाचं टोक वळायच्या,
समईच्या वातीसारखं,
आणि बुबुळाला लावायच्या.
काही?
काही नाही.
काही?
नाही.
लाज वाटायला लागली, नापास पोरासारखी.
एकदा तर खोटंच हो म्हणाले,
त्यांनी कापूस लावलाच नव्हता अजून.

सातव्या महिन्यात
उजव्या कपाळावर कुणीतरी फुंकर घातली.
मी वळून बघितलं. भिंत.
कापूस डाव्या डोळ्यावर होता.
डॉक्टर खुर्चीत मागे रेलल्या.
"टपाल अजून जुन्या पत्त्यावर जातंय.
पोस्टमन नवा आहे. शिकेल."

घरी आल्यावर दिवसभर
मी कपाळ चाचपत राहिले,
माझ्यासाठी आलेलं कुणी शेजारी ठेवून गेलंय का ते बघत.

परवा रात्री दीडला जाग आली.
ह्यांना हलवलं, म्हटलं, खुपतंय.
ताडकन उठले. दिवा, बॅटरी, रुमालाचं टोक पिळून तयार.
तीस वर्षं मुसळांखाली हात घालून
मिरची सारणारा माणूस,
आणि बोटं थरथरत होती.
"पापणीचा केस आहे," म्हणाले, "एवढासा. कुठे खुपतंय नेमकं?"

माझं बोट सवयीने कपाळाकडे निघालं,
आणि अर्ध्या वाटेत वळलं.
इथे.

थांबा हो.
लगेच नका काढू.